रेणूने मागे नेलेला हात

वैजयंती जागी झाली तेव्हा तिचा उजवा हात पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अडकला होता. तो तिचा वाटत नव्हता. डाव्या हाताने धरून तिने तो वर ओढला, मांडीवर ठेवला, आणि मुंग्या उतरेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत बसली. दुपारचं जेवण झाल्यावर ती जरा आडवी झाली होती. एवढी गाढ झोप तिला दिवसा कधी लागत नसे. बाहेरच्या खोलीत रविकांत, तिचा नवरा, पेपर वाचता वाचता खुर्चीतच पेंगत असणार. पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडल्याचा आवाज येत होता. मालेगावच्या हमरस्त्यावरून ट्रक गेला आणि खिडकीची काच नेहमीसारखी थरथरली. सगळं जागच्या जागी होतं. तरी स्वप्न अजून डोळ्यांवरून गेलं नव्हतं.

धनजच्या माहेरच्या घरातली पुढची खोली होती. सतरंजीवर माणसं बसलेली, पण सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. दाराच्या चौकटीत रेणू उभी होती, तिची धाकटी बहीण, विशीत होती तशी, पोपटी साडी नेसलेली. रेणू हाताने काहीतरी सांगत होती. बोट वैजयंतीकडे केलं, मग तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला, मग तोच हात कमरेला घासून हळूच मागे नेला. पुन्हा बोट, पुन्हा छाती, पुन्हा मागे. पाठींमधून वडिलांचा आवाज आला, "काय म्हनते थे?" वैजयंतीला उत्तर द्यायचं होतं आणि तिच्या तोंडात कापूस भरला होता, सरकीसकट. ती ओढून काढत होती, तो लांबच लांब निघत होता, संपत नव्हता. रेणूचा हात प्रत्येक खेपेला आणखी मागे जात होता. शेवटी खांद्यापुढे काही दिसेना, आणि तरीही रेणू सांगतच राहिली.

रेणूला जन्मल्यापासून ऐकू येत नव्हतं. बोलताही येत नव्हतं. गाव तिला मुकी म्हणायचं. पण ती मुकी आहे असं वैजयंतीला लग्न होईपर्यंत कधी वाटलं नव्हतं, कारण दोघी दिवसभर बोलत असत. स्वप्नातल्या त्या तीन खुणांचा अर्थ मात्र तिला कळला नव्हता, आणि जागेपणीही कळेना. तीच गोष्ट तिला राहून राहून टोचत होती. भीती वाटावी असं स्वप्नात काही नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, साप नव्हता, पाणी नव्हतं. आपली बहीण आपल्याशी बोलली आणि आपल्याला समजलं नाही, एवढंच होतं.

सकाळी ती बसस्टँडजवळ भाजी घ्यायला गेली होती तेव्हा एक मुलगी तिला दिसली होती. कॉलेजात जाणारी असावी. बाकड्यावर मोबाईल पिशवीला टेकवून उभा केला होता आणि त्यातल्या दुसऱ्या मुलीशी ती दोन्ही हातांनी बोलत होती. बोटं इतकी झरझर चालत होती की पाहणाऱ्याला गरगरावं. मध्येच ती खळखळून हसली, आवाज न करता, सगळे दात दाखवून. लोक जाता-येता बघत होते. वैजयंती थांबली. आपल्याला हे येतं, असं तिला आपोआप वाटलं; ओळखीचं गाणं लागलं की ओठ हलतात, तशी तिची बोटं पिशवीच्या बंदावर हलली. मग लक्षात आलं की त्या मुलीचा एकही शब्द आपल्याला लागत नाहीये. ती शाळेत शिकवलेली भाषा असणार, आपली घरची होती, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती मेथी घेऊन घरी आली. पण मेथी निवडतानाही बोटांत काहीतरी खुटखुटत राहिलं.

चहा घेताना तिने रविकांतला स्वप्न सांगितलं. तो वीज मंडळातून रिटायर झाला होता आणि कुठल्याही गोष्टीचा बिघाड कुठे आहे ते त्याला लगेच कळत असे. "जेवून लगेच झोपली ना तू. वांग्याचं भरीत, त्याच्यावर ताक. पित्त झालं, दुसरं काय?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून जरा थांबला. "फोन कर ना मंग गणेशले. इचार कशी हाय थे." गणेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ, रेणू त्याच्याकडेच राहत होती. वैजयंतीने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. गणेश म्हणेल बरी हाय. तो नेहमीच बरी हाय म्हणतो. रेणूला फोनवर बोलवता येत नव्हतं, त्यामुळे गेली कित्येक वर्षं रेणूची सगळी खुशाली त्या दोन शब्दांत मावत आली होती.

समोरच्या प्रेमाबाई संध्याकाळी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचे यजमान दुलीचंद यांचं कापडाचं दुकान खालीच होतं, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की प्रेमाबाई गल्लीभरच्या स्वप्नांचा निकाल लावत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. साडीचा रंग विचारला. बहीण हसत होती की रडत होती ते विचारलं. वैजयंतीला आठवेना. हात आठवत होता, चेहरा आठवत नव्हता. "हात पाठीमागं लपवते ना?" प्रेमाबाई म्हणाल्या, "तर मग काही तरी लपवून राह्यली ती. बीमारी असंल. बोलता येत नाही बिचारीला, दुखणं कुणाला सांगंल? तुमी जाऊन पाहा एकदा, वैजयंतीबाई." ते ऐकून वैजयंतीला एक जुनी गोष्ट आठवली. रेणूला लहानपणी दाढ सुजली होती तेव्हा तिने ती कितीतरी दिवस आईपासून लपवली होती. फक्त वैजयंतीला सांगितलं होतं, गालाला मूठ लावून.

पुण्याहून मुलीचा, वैभवीचा, फोन आला तेव्हा तिलाही सांगून झालं. वैभवी म्हणाली, "आई, स्वप्नातली सगळी माणसं म्हणजे आपणच असतो, असं म्हणतात. मावशी म्हणजे तूच. तूच काहीतरी मागे सारते आहेस. बघ विचार करून." वैजयंती हो हो म्हणाली. मुलगी आता अशी पुस्तकातल्यासारखी बोलायची आणि तिला हो हो म्हणायची सवय झाली होती. फोन ठेवल्यावर मात्र हे हो हो तिच्या कानात वाजत राहिलं. असंच हो हो, मानेने, तिने रेणूला किती वर्षं केलं होतं.

पूर्वी तसं नव्हतं. बोलण्याची सुरुवात कुणी केली हे दोघींनाही माहीत नव्हतं. वैजयंती दोन वर्षांनी मोठी. तिला आठवतं तेव्हापासून हात होतेच. मिशीला पीळ म्हणजे बाबा, नाक पुसणं म्हणजे गणेश, दोन्ही खांद्यांवरून दोन वेण्या खाली ओढल्या की वैजयंती स्वतः. वावरात बाकीच्या बाया एकमेकींना हाका मारून घसा बसवायच्या, आणि या दोघी, एक धुऱ्यावर, एक पार विहिरीजवळ, तुरीच्या वरून हात काढून गप्पा मारायच्या. कोण चिडलंय, कोणाच्या डब्यात काय आहे, कोणती बाई वजन वाढवायला कापसात खडे भरते. शब्दाला जे अंतर पार करता येत नसे ते त्यांचा हात सहज करायचा. गावात दुसऱ्या कुणालाही ही भाषा येत नव्हती. आईला तहान, भूक, ये, जा एवढं कळायचं. बाबांना तेवढंही नाही. रेणूला काही विचारायचं झालं की ते वैजयंतीला हाक मारायचे आणि विचारायचे, काय म्हनते थे? आणि वैजयंती सांगायची. तिच्या सांगण्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. घ्यायची कशावरून?

लग्न होऊन ती मालेगावात आली. पहिली काही वर्षं दिवाळीला, आखाजीला ती धनजला गेली की रेणू तिला ओढत न्हाणीच्या मागे घेऊन जायची आणि साठवलेलं सगळं सांगत सुटायची. मग मुलं झाली, त्यांच्या परीक्षा, सासूचं आजारपण. मुक्काम कमी झाला, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत. रेणूच्या हातांत नव्या खुणा येऊ लागल्या. एखादी कळली नाही तर वैजयंती सुरुवातीला थांबवून विचारायची. नंतर विचारेनाशी झाली. गाडीची वेळ व्हायची. ती मान हलवायची, हसायची, बरोबर ठिकाणी भुवया वर करायची. रेणूला कळत असेल का, हा प्रश्न तिने स्वतःला कधी नीट विचारला नव्हता. आई गेली, बाबा गेले, मग दोन-दोन वर्षं जाणं होईना. फोटो येत. फोटोत रेणू कडेला उभी असे, हात खाली सोडून, गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. रविकांत म्हणाला, "एवढं काहून मनाले लावून घेतलं?" पण स्टँडपर्यंत सोडायला आला. कारंज्याची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. माघ सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा वाळत चालला होता, मध्येच गव्हाचा हिरवा पट्टा, कुठे उशिराची उभी तूर. प्रेमाबाईंचं बोलणं मनातून जात नव्हतं. काय दुखत असेल तिचं? पंचफुला, गणेशची बायको, तिला दवाखान्यात नेत असेल का? पंचफुलाशी वैजयंतीचं कधी जमलं नव्हतं. भांडण असं नाही, पण त्या बाईचा आवाज मोठा, वागणं फटकळ. मुक्या नणंदेला ती कशी वागवत असेल याचं एक चित्र वैजयंतीने कधीच मनाशी काढून ठेवलं होतं. ते चित्र तिच्या सोयीचं होतं, हे तिला आज गाडीत बसल्यावर जाणवलं. पंचफुला वाईट असली की दोष ठेवायला एक जागा होती.

शेलूबाजारला गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. खिडकीखाली जीपवाले ओरडत होते, बोरांच्या ढिगावर माश्या बसल्या होत्या. समोर दुकानांची ओळ होती. एका दुकानाच्या दारात बाहुलीला नेसवलेली साडी वाऱ्याने हलत होती. ती पोपटी नव्हती, जांभळी होती. पण वैजयंतीला एकदम स्वप्नातली साडी आठवली, आणि ती ताठ बसली. कारण ती पोपटी साडी रेणूची नव्हतीच. ती वैजयंतीची होती. रेणूने ती आयुष्यात एकदाच नेसली होती, एका दुपारी, पुढच्या खोलीत माणसं बसली होती तेव्हा. आणि ती माणसं इथून, शेलूबाजारहूनच आली होती.

पंजाब नाव होतं त्याचं. शेलूबाजारला कपडे शिवायचं दुकान. बोलताना अडखळायचा, फार; एकेका शब्दाला त्याची मान ताणली जायची, म्हणून तो बोलायचंच टाळायचा. त्याच्या मामाने कुठूनसं रेणूचं ऐकलं आणि त्याला घेऊन आला. मोठीचं व्हायचं असताना धाकटीला पाहायला आले म्हणून आई नाराज होती. पण बाबा म्हणाले, हिले पुन्हा कोन इचारनार हाय? वैजयंतीनेच रेणूला आपली साडी नेसवली, वेणी घातली, पावडर लावली. रेणू सारखी आरशातून तिला पाहत होती. खोलीत पंजाब भिंतीला टेकून बसला होता. तो रेणूच्या तोंडाकडे पाहत नव्हता, तिच्या हातांकडे पाहत होता. मामा म्हणाला, "आमच्या पोराले पसंत हाय, बापू. आता पोरीले इचारून घ्या. तिची मर्जी नसंल तं जबरदस्ती नाई." बाबांनी वैजयंतीकडे पाहिलं. तिने रेणूला विचारलं. रेणूने आधी बोट वैजयंतीकडे केलं, मग तळहात छातीवर ठेवला, मग हात मागे नेला. दाराच्या चौकटीत जागा नव्हती, हात जेमतेम कमरेपर्यंत गेला. बाबांनी विचारलं, काय म्हनते थे? आणि वैजयंती म्हणाली, "नाई म्हनते, बाबा."

तू सांग यांना, मला, नको. असं तिने वाचलं होतं. हात झटकणं म्हणजे नको, हे त्यांचं लहानपणापासूनचं होतं, आणि अडचणीच्या जागेत झटकलेला हात असाच दिसणार. पाहुणे उठले. बाबांनी सुस्कारा टाकला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, कुणी विचारलं नाही. पंजाब जाताना अंगणात थांबला, वळला, आणि त्याने रेणूची ती खूण जशीच्या तशी करून पाहिली, आधी बोट, मग छातीवर हात, मग मागे. पाठ करून घेतल्यासारखी. मग तो मामाच्या मागे गेला. वर्षाच्या आत वैजयंतीचं लग्न झालं. रेणूला पुन्हा कुणी पाहायला आलं नाही.

गाडी सुरू झाली तरी वैजयंतीच्या डोळ्यांसमोर तो हात होता. स्वप्नात तो झटकला गेला नव्हता. मागे जात होता, हळू, मुद्दाम, सांगितल्यासारखा. तेव्हा तसाच गेला होता का? की हे आत्ताचं मन काहीतरी रचतंय? तिने ती दुपार पुन्हा पुन्हा आठवली आणि दर वेळी हात थोडा वेगळा दिसला. एक गोष्ट मात्र बदलत नव्हती. 'नाई म्हनते' असं बोलून झाल्यावर आपल्याला बरं वाटलं होतं. धाकटीचं आधी झालं नाही म्हणून? की रेणू गेली असती तर या घरात आपण कोणाशी बोलणार, म्हणून? आधी वाचलं आणि मग बरं वाटलं, की आधी बरं वाटलं आणि मग तसं वाचलं? एवढ्या वर्षांनंतर हे कुठे जाऊन विचारायचं? कारंज्याला उतरून तिने धनजची जीप धरली आणि दोन बायांच्या मध्ये चेपून बसली. कोणीतरी तिला गाव विचारत होतं. तिने सांगितलं की नाही तेही तिला कळलं नाही.

घराच्या ओट्यावर रेणू आणि पंचफुला तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वैजयंती फाटकाशी थांबली, कारण त्या दोघी बोलत होत्या. पंचफुला शेंग तोडायची, दाणे परातीत टाकायची, आणि त्याच हाताने दोन-तीन खुणा करायची. रेणू मान वाकडी करून उत्तर द्यायची. मग दोघी हसायच्या. रेणूचे केस पिकले होते. अंगाने ती भरली होती, हातात पाटल्या होत्या, तब्येत चांगली दिसत होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. वैजयंतीला हायसं वाटायला हवं होतं. पण फाटकाच्या कडीवर हात ठेवून ती उभी होती आणि बसस्टँडवरच्या मुलीकडे पाहताना वाटलं होतं तेच तिला वाटत होतं.

रेणूने आधी पाहिलं. तिने पंचफुलाचा गुडघा दाबला आणि डाव्या मनगटावर दोन बोटं टेकवली. पंचफुला वळली. "अवं माय, ताई! फोन नाई, काई नाई, एकदम कशा काय?" ती उठून आली, पाणी दिलं, परात सरकवून जागा केली. रेणूने वैजयंतीचे दोन्ही हात धरले आणि तोंडभर हसली. वैजयंतीने पंचफुलाला विचारलं, "हे काय केलं तिनं आता? मनगटाले?" पंचफुला जरा ओशाळली. "थे... तुमचं नाव हाय ना ताई थे. घड्याळवाली. तुमी आल्या का घड्याळ पाहत राह्यता ना, मंग तिनं तसं धरलं. मनावर नका घेऊ." वैजयंती म्हणाली, "नाई, नाई." दोन वेण्यांच्या जागी घड्याळ कधी आलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

पंचफुलाने सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा रेणू दिवसदिवस गोठ्यात बसून असायची. "मले काईच समजे नाई. मी म्हने पानी आन, थे राख आने. मंग एक दिवस मी तिच्यापाशी बसलीच. म्हटलं, आता तूच शिकव मले. आपल्याले इथंच राह्यचं ना दोघीलेबी." तिने हे शेंगा सोलता सोलता सांगितलं, मोठेपणा न घेता, तिच्या त्या मोठ्या आवाजात. वैजयंतीने मनाशी काढलेलं जुनं चित्र तिच्यासमोर बसून तुरीचे दाणे निवडत होतं.

गणेश आणि त्याचा मुलगा पवन वावरात गेले होते. घरात तिघीच होत्या. वैजयंतीने थोडा वेळ जाऊ दिला. मग तिने पंचफुलाला म्हटलं, "एक सांग. असं केलं तं काय होते?" आणि तिने बोट रेणूकडे केलं, तळहात छातीवर ठेवला, हात कमरेमागे नेला. पंचफुला हसली. "हे? हे तं रोजचंच हाय तिचं. जेवाले बसवा म्हटलं का असंच करते. तू आधी, मी मागून. कोनाच्या आधी घास घेत नाई थे."

"आधीपासून असंच करते का?"

"मी आली तवापासून तं असंच. काहून?"

वैजयंतीने परातीकडे पाहिलं. परातीतले दाणे हिरवे होते, काही अर्धे पिवळे. त्यातला एक तिने उचलला आणि बोटांत धरून ठेवला. तू आधी, मी मागून. ताईचं आधी होऊ द्या, मग माझं. आरशातून ती सारखी आपल्याकडे का पाहत होती ते आत्ता कळलं. साडीसुद्धा ताईची, पाहुणे मात्र माझ्यासाठी, याने ती कानकोंडी झाली होती. ती नको म्हणाली नव्हती. थांबा म्हणाली होती. ओट्यावर ऊन होतं, पिंपळाच्या झाडावर साळुंक्यांचा गोंधळ चालला होता, आणि वैजयंतीला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि मिळेल त्या जीपमध्ये बसावं. रेणू तिच्याकडे पाहत होती. तिने ती खूण पाहिली होती. ही आपल्याला आधी जेव म्हणते की काय, अशा नजरेने ती परातीकडे आणि वैजयंतीकडे आळीपाळीने बघत होती.

वैजयंतीने दोन बोटांची कात्री केली. शिंप्याची ही खूण लहानपणापासूनचीच होती. कात्री, मग मिशीला पीळ, मग पुढच्या खोलीकडे बोट, मग रेणूच्या अंगावरचा पदर धरून हाताने हिरवं दाखवलं, तुरीच्या दाण्याशी लावून. कळलं की नाही म्हणून तिने पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुलाला कळलं नव्हतं, पण रेणूला कळलं. तिचे हात मांडीवर थांबले. मग ती बोलू लागली. खूप वेळ बोलली. पंचफुलाकडे पाहून बोलली, वैजयंतीकडे नाही. रस्त्याकडे बोट केलं, डोळ्यांवर हाताची पन्हळ धरली, कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा रस्ता, पुन्हा डोळे. शेवटी स्वतःच्या तोंडावरून तळहात वरून खाली फिरवला आणि तो परातीच्या कडेला झाडला. पंचफुला शेंग हातात घेऊन तशीच बसली होती.

"काय म्हनते?" वैजयंतीने विचारलं.

"काई नाई. जुनं हाय म्हनते. आठवत नाई म्हनते तिले."

"पंचफुला, एवढं मोठं बोलली थे. खोटं नको सांगू मले. जे म्हनलं थेच सांग."

पंचफुलाने पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हनते, ताईचं लग्न झालं का थो मानूस येईन पुन्हा, असं वाटे मले. फाट्यावर गाडी थांबली का मी पाहो. उन्हाळा आला का जास्त पाहो, लग्नाचे दिवस म्हनून. आलाच नाई कोनी. मंग समजलं का आपून त्याच्या पसंतीलेच नसू. आपलं तोंडच तसं." ती थांबली. "ताई, मले हे माहीतबी नव्हतं. मले कधी नाई सांगितलं तिनं."

वैजयंतीला रडू आलं नाही. यायला हवं होतं. तिला फक्त एवढं दिसत होतं की रेणूने इतकी वर्षं एक उत्तर स्वतःच शोधून काढलं आहे आणि ते चूक आहे. त्याला ती पसंत होती. त्या खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं होतं. जिच्याबद्दल होतं तिने ते ऐकलं नव्हतं, आणि तिला ते सांगायचं काम ज्या एका माणसाचं होतं त्याने सांगितलं नाही. नकारच आहे तर कशाला सांगायचं, असं तेव्हा वाटलं असेल. आता सांगून काय होणार? फाट्यावरची वाट पाहणं परत येणार नाही. उलट तिला कळेल की ती वाट खरी होती. पंचफुला तिच्याकडे पाहत होती. "मी सांगू का तिले?" ती हळूच म्हणाली, "तुमाले काय सांगाचं हाय थे?"

"नको. मीच सांगते."

ती सरकून रेणूच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. हात उचलले आणि हातांना काही येईना. मग एकेक करून खुणा आल्या, जुन्या, वाकड्या, बोबड्या. कात्री. तू. आणि चिमूट ओठाशी नेऊन सोडली, म्हणजे आवडलं; पेरू आवडला, बांगडी आवडली, तेच. त्याला, तू, आवडलीस. मग तिने स्वतःचं तोंड दाखवलं, आणि मूठ वळून ती उलटी केली. माझं तोंड. उलटं बोललं. तू मागे म्हणालीस, मी नको म्हणाले. बाबांना मी नको म्हणाले. हे सांगून झाल्यावर तिने हात खाली ठेवले आणि ती थांबली. रेणू आता हात झटकेल, उठून आत जाईल, कदाचित मारेलही. लहानपणी चिडली की ती दंडावर गुद्दा घालायची. वैजयंती त्या गुद्द्याची जवळजवळ वाटच पाहत होती.

रेणूने तिचा चेहरा नीट न्याहाळला. तोंड आणि उलट्या मुठीचा भाग तिला कळला होता. तिच्या डोळ्यांतून तो येऊन गेला. पण ती तिथे थांबली नाही. तिने दोन बोटांची कात्री केली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, चिमूट ओठाशी नेली आणि भुवया वर केल्या. मी? आवडले? वैजयंतीने मान हलवली. हे आता नुसतं मान हलवणं नव्हतं. तिने चिमूट ओठाशी नेऊन सोडली. रेणूने कपाळावर आलेले पांढरे केस कानामागे सारले. पंचफुलाकडे वळून तिने तिला तेच सांगितलं, घाईने, अडखळत. पंचफुला मान हलवत उठली आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

रेणूने पुन्हा विचारलं. कात्री, मी, आवडले? वैजयंतीने पुन्हा सांगितलं. रेणूने पुन्हा विचारलं. तिला कळलं नव्हतं असं नाही. तिला ते परत पाहायचं होतं. प्रत्येक वेळी तिचा चेहरा आतून उजळायचा, विशीतल्या मुलीचा लाजरेपणा त्या पिकल्या केसांखाली येऊन जायचा, आणि वैजयंतीला ते पाहवत नव्हतं. पण तिने मान फिरवली असती तर रेणूला तिचं बोलणं दिसलं नसतं. म्हणून ती तशीच समोर बसून राहिली, डोळ्यांत डोळे घालून, आणि रेणू विचारील तितक्या वेळा सांगत राहिली.